तांब्यावरचं नाव

फाल्गुन अर्धा सरला की पुण्याच्या कडेला धायरीत बजरंगच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. चार ताडपत्र्या अंथरलेल्या असतात. ब्याडगी मिरची एकीकडे, लवंगी दुसरीकडे, मधे धने आणि खोबऱ्याच्या वाट्या. दहा वाजताच ऊन डोक्यावर येतं. खाली कांडपाचं मशीन सुरू झालं की घर धडधडतं आणि शेजारच्या सोसायटीतली माणसं पार सहाव्या मजल्यापर्यंत शिंकायला लागतात. ही माणसं वर्षभर ओळख देत नाहीत. फाल्गुनात मात्र खिडक्या लावता लावता ओरडतात, "अहो, किती हा त्रास," आणि संध्याकाळी तीच माणसं पिशवी घेऊन दारात उभी, "दोन किलो काळा मसाला आमचाही करा हो." असल्या माणसांवर रागवायचं तरी कसं, ते द्वारकाला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

द्वारका ही बजरंगची बायको. सेहेचाळिशीची, अंगानं काटक. हाताला तेल चोपडून, नाकातोंडाला फडकं बांधून ती मिरचीची देठं खुडत बसली होती. समोर तिची सासू सुंदराबाई, त्र्याहत्तर वर्षांची. ती कधी फडकं बांधत नसे. मिरचीनं तिला त्रास द्यायचं कधीच सोडून दिलं होतं.

खरं तर सुंदराबाईचं काम नाकाचं. द्वारका कढईवर असायची आणि सासू चार हात लांब भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसायची. तिथूनच म्हणायची, "उतरव." म्हटलं की उतरवायचं. तीळ असोत, दगडफूल असो, नागकेशर असो. द्वारका इतकी वर्षं कढईत उलथनं फिरवत होती, पण उतरवायची वेळ तिची तिला अजून सांगता येत नव्हती.

त्या दिवशी खालून बजरंगनं हाक मारली. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला होता. बजरंगनं सही केली ती मिरचीच्या हातानं, त्यामुळे पोस्टमनच्या कागदावर लाल अंगठा उमटला आणि बिचारा पोस्टमन डोळे चोळत गेला. पाकीट वर आलं. आत सात पानं इंग्रजी. पूर्णिमा, द्वारकाची लेक, आयटी कंपनीत होती आणि त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती लॅपटॉप सोडून गच्चीवर आली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"मम्मी, लीगल नोटीस आहे. नारायण पेठेतले 'सुंदर मसाले' आहेत ना, त्यांची. मालक श्यामसुंदर आठल्ये. ते म्हणतायत, 'सुंदर' हा त्यांचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे. आपलं 'सुंदराबाई मसाले' त्याच्यासारखं वाटतं, गिऱ्हाइकं कन्फ्यूज होतात. पंधरा दिवसांत नाव बंद करायचं आणि छापलेली सगळी पाकिटं त्यांना देऊन टाकायची."

"कंचं नाव बंद करायचं?" सुंदराबाईनं विचारलं.

"तुझं, आजी. म्हणजे पाकिटावरचं."

"पाकिटावरचं येगळं आन् माझं येगळं हाय व्हय?"

सुंदराबाईनं हातातली मिरची टाकली.

"दोन नावं जवळ आली म्हनून एकीनं आपलं टाकून द्यायचं? ही कुठली रीत म्हनायची?"

द्वारकाची बोटं थांबली. कारण ही रीत ह्याच घरातली होती. लोणी काळभोरला, माहेरी, ती मुक्ता होती. आई लाडानं मुक्ताई म्हणायची. पण इथं धाकट्या नणंदेचं नाव मुक्ता. "एका घरात दोन मुक्ता नगंत, हाक मारली की दोघी ओ देतील," असं सुंदराबाई लग्नाच्या आदल्या दिवशीच बोलली होती. मग ताटात तांदूळ पसरले, बजरंगनं अंगठीनं नाव लिहिलं, आणि मुक्ताची द्वारका झाली. दोन वर्षांत नणंद लग्न होऊन गेली. तिच्या सासरी तिचंही नाव बदललं. म्हणजे घरातल्या दोन्ही मुक्ता गेल्या आणि जागा रिकामीच राहिली. द्वारकाला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. ती कुणाला बोलली नव्हती, आणि आज बोलायचीही ही वेळ नव्हती.

कारण पाकिटावर सासूचं नाव घातलं होतं ते द्वारकानंच. बारा वर्षांपूर्वीपर्यंत हे घर लोकांच्या मिरच्या कांडून द्यायचं, एवढंच. आपला मसाला आपण विकू, ही कल्पना तिची. त्या दिवसांत सासूसुनेचा अबोला चालला होता, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली ह्यावरून. दीड महिना दोघी पूर्णिमाच्या मार्फत बोलत होत्या. अशात छापखान्यातून पहिली पाकिटं आली. द्वारकानं एक उचललं आणि न बोलता सासूच्या मांडीवर ठेवलं. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं. दहा वर्षांच्या पूर्णिमानं मोठ्यानं वाचलं, "सुंदराबाई मसाले, धायरी." सासूनं पाकिटावरून हात फिरवला, उठली आणि ते कपाटात आपल्या चांगल्या लुगड्यांखाली ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं विचारलं, "द्वारके, पानी आलं का गं?" अबोला तिथं संपला. द्वारकाला आयुष्यात जमलेल्या चार गोष्टींतली ती एक होती. आता पेठेतला कुणी माणूस ती पुसायला निघाला होता.

"कूल राहा मम्मी," पूर्णिमा म्हणाली. "सिंपल आहे. हे आजीचं स्वतःचं नाव आहे. मी ईमेल टाकते, आधार अटॅच करते. विषय संपला."

तिनं ईमेल टाकली, आधार जोडलं. आपल्याकडे कुठल्याही कामाला आधारची झेरॉक्स जोडली की काम झालं, असं माणसाला वाटतं. कार्ड उघडून वाचायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आठ दिवस मजेत गेले. नवव्या दिवशी मंडईजवळच्या दुकानदारानं बजरंगला बोलावून घेतलं. द्वारका स्कूटरवर मागे बसून गेली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदारानं पाकिटांचं पोतं काउंटरवर ठेवलं.

"वहिनी, मालाबद्दल तक्रार नाही. मला पेठेतून फोन आला. तुमचं नावाचं मिटेपर्यंत मी ठेवू शकत नाही."

"आमचं नाव चोरीचं न्हाई," बजरंग म्हणाला.

"मी म्हटलं का चोरीचं?" दुकानदार म्हणाला, आणि लगेच पुढच्या बाईला, "हां, बोला, काय देऊ?"

ती बाई पोत्याकडे बघत होती आणि मग द्वारकाकडे. पाकिटात अळ्या निघाल्यासारखं ती बघत होती. द्वारकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बजरंगनं पोतं पायांत धरलं आणि स्कूटर काढली. दांडेकर पुलावर सिग्नलला थांबल्यावर मागं न बघता म्हणाला, "तू नाराज हू नगं. आपलं नाव गेलं तर माझं घालू. बजरंग मसाले. मारुतीच्या देवळाभायेर तरी खपंल." द्वारकाला हसू आलं. बजरंगचं हे एक बरं होतं, त्याला रडूबाई बसलेली बघवत नसे.

घरी पोचले तर दुसरं पत्र येऊन पडलेलं. पूर्णिमा ते घेऊन पायरीवर बसली होती.

"आजी," तिनं विचारलं, "तुझं नाव चंद्रभागा आहे?"

"व्हतं. म्हायेरचं."

"मग आधारवर चंद्रभागा कसं काय? हे लिहितायत, तुम्हीच पाठवलेल्या कार्डावर बाईंचं नाव चंद्रभागा आहे, सबब सुंदराबाई हे नाव फक्त आमच्या नावलौकिकाचा फायदा घ्यायला काढलेलं आहे."

सुंदराबाईनं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

"शाळेत कॅम्प लागला हुता. तितं एक पोरगं बसलं हुतं. म्हनलं, आजी, जल्मतारीख सांगा. म्या म्हनलं, ठावं न्हाई, दुष्काळात झाले. मग म्हनलं, नाव सांगा. आता जल्माचं इचारतोय म्हनल्यावर मानूस जल्माचंच नाव सांगनार न्हवं? सरकारला खोटं कशापायी सांगायचं?"

"आन् मी रेशनकार्ड, बँक, मतदानाचं, समदं त्या आधारसारखं करून आनलं," बजरंग डोकं खाजवत म्हणाला. "चार हेलपाटे घातले. एकबी कागद सोडला न्हाई."

"ग्रेट," पूर्णिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाजणीला सुंदराबाई आली नाही. ओट्यावर जाऊन बसली. द्वारका बोलवायला गेली तर म्हणाली, "सरकारदरबारी चंद्रभागा हाय म्या. चंद्रभागेला मसाल्यातलं काय कळतंय? सुंदराबाई सापडली म्हंजी तिला बोलीव."

"आत्याबाई, कढई तापलीय."

"मग कर की. मी मेल्यावर कोन सांगनारंय?"

द्वारकानं केलं. तीळ निभावले, धने निभावले. दगडफुलाला मात्र कढईत टाकलं की सवड नसते. वास सुटला, अजून थोडा सुटू दे म्हणून ती थांबली, तेवढ्यात काळपट धूर आला. चार घरांचा त्या दिवसाचा मसाला कडू झाला. तो तिनं परसात नेऊन ओतला. तिला सासूचा राग आला, आपला आला, पेठेतल्या माणसाचा तर आलाच. ओट्यावर सुंदराबाईपर्यंत वास गेलाच असणार. पण ती बोलली नाही, आणि तिचं न बोलणं द्वारकाला जास्त लागलं.

वकील शोधली ती पूर्णिमानं. आम्रपाली, धायरी फाट्यावर एका खोलीचं ऑफिस, तिशीतली मुलगी, बोलायला सरळ. तिनं दोन्ही पत्रं वाचली, ईमेल वाचली आणि पूर्णिमाकडे बघून म्हणाली, "ईमेल करायच्या आधी का नाही आलात?" पूर्णिमानं पहिल्यांदाच मान खाली घातली.

"ऐका," आम्रपाली द्वारकाला म्हणाली. "माणूस स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरत असेल तर कायदा सहसा आडवा येत नाही. फक्त दाखवावं लागेल की चंद्रभागा आणि सुंदराबाई ही एकच बाई आहे, आणि हे नाव मसाल्याच्या आधीपासूनचं आहे. लग्नपत्रिका आहे?"

"पत्रिका कुठली ताई? सांगावा धाडला हुता म्हणतात."

"फोटो, जुना दाखला, काहीही?"

"घरातलं समदं ह्यांनी आधारसारखं करून घेतलंय."

आम्रपालीनं कपाळाला हात लावला, पण हसली. म्हणाली, पाडवा होऊ दे, मग बसू. तोवर घर पालथं घाला.

घर पालथं घातलं. सुंदराबाईच्या ट्रंकेत एक फाटकी घोंगडी आणि बारा वर्षांपूर्वीचं ते पहिलं पाकीट निघालं. ते काही पुरावा होऊ शकत नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी द्वारका पहाटे उठली. काठीला तेल लावलं, कडुलिंबाचे डहाळे आणले, साखरेची गाठी काढली. फळीवरच्या डब्यामागून तांब्याचा तांब्या काढला. तो वर्षातून एकदाच निघायचा. गुढीवर पालथा बसायचा आणि संध्याकाळी पुन्हा फळीवर जायचा. वर्षभरात काळा पडलेला असायचा. न्हाणीपाशी बसून ती चिंचेनं घासायला लागली. एरवी ती चार हात मारून मोकळी व्हायची, कारण वर साडी, डहाळे, हार येऊन तांब्या निम्मा झाकायचा. पण त्या दिवशी मनात राग होता. तो सगळा तिनं तांब्यावर काढला. पार गळ्याखालच्या खाचेत, जिथं काळं साठून कडक झालेलं होतं, तिथं नखानं चिंच घातली.

खाचेतून ठिपके वर आले. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, जुने भांडेवाले छिन्नीनं मारायचे तशी. पाणी ओतून ती उजेडात गेली आणि एकेक अक्षर लावत वाचलं. वर लिहिलं होतं, "चि. चंद्रभागा हिस मामाकडून." त्यातल्या चंद्रभागेवर कुणीतरी आडवे ठोके मारून ती खोडली होती, पण वाचता येत होती. आणि तिच्याच खाली, "सौ. सुंदराबाई कोंडीराम, मु. धायरी, १९६९."

पंचवीस पाडवे तिनं हा तांब्या घासला होता. घरातली गोष्ट कुणी वाचत बसत नाही, आणि गुढीवर तर तो उलटा.

ती ओल्या हातानं तशीच ओट्यावर गेली. "आत्याबाई, हे काय?"

सुंदराबाईनं तांब्या मांडीवर घेतला. खोडलेल्या जागेवर अंगठा ठेवला. तिला अक्षर येत नव्हतं, पण जागा ठाऊक होती.

"मामानं दिला माझ्या. नाव घालून आनलं हुतं. मांडवात माझं नाव बदाललं. मग मामंजी पुन्यात तांबट आळीत घेऊन गेले आन् ते खोडून ह्ये घातलं. म्हनले, तांब्यावर चंद्रभागा ऱ्हायली तर पोरगी म्हायेराकडं बघत बसंल." अंगठा न उचलता ती म्हणाली, "लई रडले हुते म्या. तांब्या इतका नवा, आन् त्येला खोडलं."

त्या दिवशी गुढीवर तांब्या चढला तो लखलखीत. बजरंगनं खालून, वरून, शेजारच्या गच्चीवरून असे पूर्णिमाकडून अकरा फोटो काढून घेतले. सोसायटीतल्या एका काकूंनी खिडकीतून विचारलं, नवा घेतला का. "न्हाई," बजरंग म्हणाला, "जुनाच हाय. आज वाचला."

फोटो बघून आम्रपालीनं आठल्यांना फोन लावला, आणि पलीकडून उत्तर आलं, कोर्टात जायच्या आधी एकदा समोर बसायला हरकत नाही, मंगळवारी अकराला, वेळेवर.

नारायण पेठेतलं दुकान लहान, स्वच्छ, बरण्या एका ओळीत. काउंटरवर पाटी होती, "चव पाहायची असल्यास पोळी घरून आणावी." मागच्या खोलीत श्यामसुंदर आठल्ये बसले होते, सत्तरीला आलेले, पांढरा बुशशर्ट, चष्मा गळ्यात दोरीला. बजरंग बाहेर गाडीपाशी थांबला, कारण तिथं गाडी लावायची म्हणजे कुणीतरी तिच्यात बसून राहावं लागतं.

"या," श्यामसुंदर म्हणाले. "आपण तिघी आहात, खुर्च्या दोन आहेत. कोणी बसायचं ते आपसात ठरवा."

"आपले वकील?" आम्रपालीनं विचारलं.

"ते मिनिटावर चालतात. म्हणून बोलावलं नाही."

सुंदराबाई बसली, आम्रपाली बसली, द्वारका तांब्याची पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. पायातल्या चपला बाहेर काढल्या होत्या आणि फरशी इतकी गार होती की तिला आपल्या भेगाळलेल्या टाचा उगाच दिसायला लागल्या.

"माझं म्हणणं थोडक्यात सांगतो," श्यामसुंदर म्हणाले. "मी जन्मलो त्या वर्षी वडिलांनी ह्या दुकानाला माझं नाव दिलं. श्यामसुंदर पाटीवर मावेना, म्हणून सुंदर. मला भावंड नाही. हे दुकान तेवढं आहे. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ तुमचं पाकीट घेऊन माझ्याशी भांडायला आले, तिखट लागलं म्हणून. आमचा मसाला तिखट नसतो. आमच्या मसाल्यानं आजवर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही."

"मग त्येला मसाला कशाला म्हनता?" सुंदराबाईनं विचारलं.

आम्रपालीनं खोकून घेतलं. श्यामसुंदरांनी टेबलावर जागा केली. "बरं. पुरावा आणलाय असं कळलं."

द्वारकानं तांब्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, तांब्या फिरवला, वाचला, पुन्हा वाचला.

"एकोणसत्तर साल. काम तांबट आळीतलं दिसतंय. हे खोडलंय का?"

"लग्नात नाव बदाललं," सुंदराबाई म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं खोडलं. म्या न्हाई."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. पेले ठेवले आणि तांब्याकडे बघत राहिल्या. मग कुणाला न विचारता त्यांनी तो उचलला आणि खोडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या चांदीच्या ताटावर काय होतं, आठवतंय?"

"कुठल्या ताटावर?"

"आईनं मला दिलेल्या. त्यावर वल्लरी होतं. आपल्या आईंनी सोनाराकडून पुसून घेतलं. वल्लरी हे काही सुनेचं नाव नाही म्हणाल्या."

"ह्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. बायकांची नावं आपण बदलायची आणि पन्नास वर्षांनी त्यांच्याकडेच पुरावा मागायचा. सोय चांगली आहे, एवढंच म्हणते."

श्यामसुंदरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंदाकिनी नाव वाईट आहे का?"

"चांगलं आहे. तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाही हेच सांगितलं असतं. विचारलं नाहीत."

द्वारका मान वळवून दारातून बाहेरच्या बरण्यांकडे बघत राहिली. तिला त्या बाईंचा हात धरावासा वाटला, पण पेठेतल्या बाईंचा हात एकदम कसा धरणार.

श्यामसुंदरांनी कागद ओढला. "लिहा, वकीलबाई. एक, पाकिटावर ह्यांचा फोटो पाहिजे, मोठा. दोन, धायरी हे गाव नावाइतक्याच अक्षरात. तीन, लाल-पिवळा रंग आमचा, तो सोडायचा. चार, हे नाव फक्त मसाल्याला. उद्या चटण्या, लोणची काढाल, त्यांना दुसरं नाव शोधा. एवढं मान्य असेल तर मी नोटीस मागे घेतो आणि मंडईत फोनही करतो."

"मान्य," आम्रपाली सुंदराबाईकडे बघून म्हणाली.

"फोटूत म्या हसनार न्हाई," सुंदराबाई म्हणाली.

"नकाच हसू. हसलात तर लोकांना आमचा मसाला वाटेल."

ह्यावर सुंदराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मंदाकिनीबाईंनी तिला तिच्याच तांब्यात पाणी आणून दिलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि द्वारकाला हळूच म्हणाल्या, "पाव किलो असेल का तुमच्याकडे? तिखट." द्वारकानं पिशवीतलं पाकीट काढून दिलं आणि तेव्हा त्यांचा हातही धरला. श्यामसुंदर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकानं कढई ठेवली आणि मागं वळून बघितलं, तर सुंदराबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली. तीळ झाले, धने झाले. दगडफूल पडलं. द्वारकानं उलथनं फिरवलं.

"उतरव," सुंदराबाई म्हणाली.

उतरवलं. वास बरोबर होता. द्वारकाचा जीव भांड्यात पडला.

"तू जवसाची चटनी काढायची म्हनत हुतीस," सुंदराबाई डोळे न उघडता म्हणाली.

"आता कुठली? तुमचं नाव तिला घालता येत नाही. पेठेत लिहून दिलंय."

"म्हनूनच इचारतेय." तिनं डोळे उघडले. "तुझं नाव बदाललं तवा तुला राग आला आसंल."

द्वारकानं उलथनं खाली ठेवलं. पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं खरं तेच सांगितलं.

"आला होता, आत्याबाई. लई दिवस होता."

"मला ठावं हुतं. माझा तांब्या खोडला तवा मी रडले, आन् तुझ्या येळंला म्याच सांगितलं बदला म्हनून. काल तो पेठेतला मानूस बोलाय लागला न्हवं, तवा मला वाटलं, ह्यो तर माझंच बोलतोय."

ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात दोन मुठी तांदूळ पसरले आणि ताट द्वारकापुढं सरकवलं.

"लिव्ह."

"पूर्णिमा लिहील. तिचं अक्षर चांगलं आहे."

"तू लिव्ह. मागल्या टायमाला दुसऱ्यानं लिवलं हुतं."

द्वारकाचं बोट मसाल्यानं माखलेलं होतं. ते तसंच तिनं तांदळात टेकवलं आणि लिहिलं, मुक्ताई. तांदळाला लालसर कड आली.

"काय झालं?" सुंदराबाईनं विचारलं.

"मुक्ताई."

"मुक्ते," सुंदराबाईनं हाक मारली. मोठ्यानं, गच्चीवरून खाली मारतात तशी.

खालून बजरंगनं मशीन बंद केलं. "आये, मुक्ता आली व्हय? कवा आली?" त्याला वाटलं बहीण आली.

द्वारकाला ओ द्यायला जरा वेळ लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ह्या वेळी मिरचीचं नाव सांगण्यात अर्थ नव्हता.

"ओ, आत्याबाई," ती म्हणाली.

सुंदराबाईनं मान हलवली. मग लॅपटॉपवर बसलेल्या नातीला दारातून हाक मारली, "पूर्णे, हिकडं ये. त्या ताटाचा फोटू काढून ठिव, चांगला. उद्या कुनी पुरावा मागितला म्हंजी?"